लालस्वेटरचा बाजार

मी आजपर्यंत कुणाकडून काही घेतलेलं नाही. नोट्स माझ्या, गणितं माझी, फळ्यावरचं अक्षरसुद्धा माझं. हे वाक्य मी दर वर्षी नव्या बॅचच्या पहिल्या तासाला म्हणतो. हॉल भरून पोरं बसलेली असतात, रेणापूर, चाकूर, किनवट, कुठून कुठून डॉक्टर व्हायला लातुरात आलेली. हे वाक्य ऐकून त्यांच्या डोळ्यांत एक चमक येते, ती पुढं फिरत्या चाकांच्या गणितापर्यंत टिकत नाही ही गोष्ट वेगळी. यंदा मी ते म्हणालो, ऐटीत वळलो, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'स्वावलंबन' लिहायला गेलो, आणि मार्कर वाळलेला निघाला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं न मागता तिचा मार्कर पुढं केला. मी घेतला. मग लक्षात आलं की कॉलरला लावलेला माईक बायोवाल्या सुदर्शनचा आहे. माझा बिघडला म्हणून सकाळी त्याच्या केबिनमधून उचलला होता, आणि त्यावर पांढऱ्या शाईत 'एसके सर, बायो' हे पुढच्या रांगांना स्वच्छ वाचता येत होतं. पोरं हसली नाहीत. लातुरात पोरं फीस भरून येतात, हसणं त्यात धरलेलं नसतं.

त्याच दुपारी ते झालं. क्लासच्या धंद्यात दुपार मोकळी असते. पोरं सकाळ-संध्याकाळ शिजतात आणि दुपारी झाकण ठेवून वाफेवर असतात. अपूर्वा, माझी बायको, जूनियर कॉलेजात मराठी शिकवते, म्हणजे हजेरीपटासमोर बसते, कारण कॉलेजातली पोरं सगळी आमच्या क्लासमधी बसलेली. तीही जेवायच्या वेळेला घरी येते. जेवण झालं की पडदे ओढून आम्ही दोघं आपापल्या कॉम्प्युटरपुढं बसतो, पाठीला पाठ लावून, आणि एकच गेम खेळतो. लोकांच्या घरी नवरा-बायको दुपारी भांडतात, नाहीतर झोपतात. आम्ही राक्षस मारतो. त्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो आणि तिच्या खुर्चीमागून जाताना तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ उगवली. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'घे गं. तुझ्यासाठीच ठेवलं होतं.' पाठवणाऱ्याचं नाव होतं लालस्वेटर. त्यानं तिला एक कमरपट्टा दिला, हिरव्या खड्यांचा, आणि ती हसली. आवाज न करता, नुसती मान थोडी खाली घालून. ते हसू मी ओळखतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते मला मिळायचं, कचोऱ्या आणल्या की. मी स्वयंपाकघरात गेलो आणि माठातलं पाणी पेल्यात घ्यायच्या ऐवजी स्वतःच्या पायावर ओतलं. पाय ओला झाला हे कळायला बराच वेळ लागला, कारण डोक्यात ते 'गं' वाजत होतं. 'घे' चाललं असतं. नुसतं 'घे' बाजारात कुणीही म्हणतं. 'गं' कुठून आलं?

परत येऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण आहे हा? ती स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाली, "आहे एकजण. नांदेडकडचा." आणि तिचा बाण एका राक्षसाच्या कपाळात बसला.

या गेममधी सुरुवातीलाच दोन दारं असतात. एक दार बाजाराचं. तिथं जगभरातली माणसं एकमेकांना वस्तू देतात-घेतात, तुझी ढाल मला, माझी अंगठी तुला. दुसरं दार सेल्फ-फाउंडवाल्यांचं. तिथं तुम्ही मारलेल्या राक्षसाच्या अंगातून जे पडेल तेवढंच तुमचं, कुणी द्यायचं नाही, कुणी घ्यायचं नाही, मेलात तरी कुणी विचारायचं नाही. एका बटणावर सेल्फ-फाउंडमधनं बाजारात जाता येतं, पण तिकडून परत येता येत नाही. सासरी गेलेल्या मुलीलासुद्धा माघारी यायची सोय असते, इथं नाही. मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या दारातनं आत गेलो, विचारसुद्धा केला नाही, जसा डावखुरा माणूस डाव्या हातानं घास घेतो. माझ्या गड्याचं नाव मी ठेवलं स्वकष्ट. त्याच्याकडं सगळं आहे, फक्त बूट नाहीत. वाऱ्याचे बूट म्हणून एक जोड असतो, तो घातला की गडी नुसता सुटतो. बाजारात तो शोधला तर मिळतो, आणि मी तो कितीतरी पावसाळ्यांपासून राक्षसांच्या पोटात शोधून राहिलो. तोवर स्वकष्ट सुरुवातीच्या फाटक्या चपलांवर हिंडतो. त्याच्या मागं लागलेली कुत्री त्याला गाठतात. अपूर्वानं अर्थातच बाजाराचं दार घेतलं. ती देगलूरची. त्यांच्यात शेजारच्यांची वाटी रिकामी परत करायची म्हणजे पाप. वरच्या मजल्यावरच्या शिवकांतामावशींनी आमटी दिली की त्यांच्या वाटीतनं शेंगादाण्याची चटणी जाते, त्यांच्याकडून तीच वाटी भरून लोणचं येतं, आणि ती मूळ वाटी कुणाची होती यावर आता दोन्ही घरांत मतभेद आहेत. गेममधीही तिचं तेच. सौदा पूर्ण झाला की समोरच्याला वरून एखादी वस्तू टाकते. रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणते. समोरचा ब्राझीलचा असतो, त्याला वाटतं आपल्याला फसवायचा काहीतरी डाव आहे, तो पळून जातो.

पण लालस्वेटर हे नाव. ते मी रात्रंदिवस गिळलेलं नाव आहे. जगात एकच लाल स्वेटर होता, आणि तो सुदर्शनच्या अंगात होता. भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं घर लातुरात होतं, भिंतीला एक चीर गेली तेवढंच, पण सगळी गल्ली महिनाभर बाहेर झोपली, ताडपत्रीखाली, चिखलात, आणि जमीन हलली की नाही हे बघायला सगळे तांब्यातल्या पाण्याकडं बघत बसायचे. सुदर्शन किल्लारीकडच्या एका खेड्यातला. त्यांचं घर पडलं, सगळंच्या सगळं. माणसं वाचली, कारण विसर्जनाच्या गडबडीनंतर घरी न जाता मारुतीच्या पारावरच आडवी झाली होती. ती आमच्या गल्लीत त्याच्या मामाकडं राहायला आली. मग ट्रक यायला लागले. मुंबईवरून, गुजरातवरून, कुठून कुठून, आणि त्यांतनं लोकांच्या अंगावर कपडे पडायचे. एका ट्रकमधनं एक लाल स्वेटर निघाला, पुढं पांढरं हरीण विणलेलं, शिंगं गळ्यापर्यंत गेलेली. असं जनावर मी बघितलं नव्हतं, असा लाल रंगही बघितला नव्हता. देणाऱ्या माणसानं तो आधी माझ्या पुढं धरला. माझा हात अर्धा वर गेला होता. आई काहीच बोलली नाही, म्हणजे तिला चालणार होतं. पण अण्णा मागून म्हणाले, आपलं घर उभं आहे. अण्णा म्हणजे माझे वडील, राघवेंद्र गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी माझा वर गेलेला हात खाली घेतला, हळूच, जसा खडू परत पेटीत ठेवावा, आणि तो स्वेटर सुदर्शनच्या अंगावर गेला. त्याला बरोबर झाला. हे मला सगळ्यात जास्त लागलं, तो त्याला बरोबर झाला.

पुढं कितीतरी दिवस मी त्याच्यावर जळत होतो. घर त्याचं पडलं होतं, आणि हेवा मी करत होतो. रात्री ताडपत्रीखाली मला वाटायचं, आपलंपण पडलं असतं तर. सकाळी त्या विचाराची इतकी भीती वाटायची की मी चिरेवर हात दाबून उभा राहायचो, भिंत पडू नये म्हणून. अण्णा समजायचे पोरगं घराची काळजी करून राहिलंय. मग त्यांनी मला तिथंच, ताडपत्रीखाली, गणितं घालायला सुरुवात केली. उत्तर बरोबर आलं की ते पाटीवर बोट ठेवून म्हणायचे, "दुरुस्त." त्यांचं शिक्षण निजामाच्या सावलीतल्या मास्तरांकडं झालेलं, त्यांच्या तोंडात 'बरोबर' हा शब्दच नव्हता. किराणा मोजून घेतला की दुरुस्त, आईनं साडीच्या निऱ्या केल्या की दुरुस्त, आई गेली तेव्हा सगळं आटोपून स्मशानातनं निघताना ते कुणाला तरी म्हणाले, दुरुस्त झालं सगळं. मला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालं ते एवढंच. वही नाही, शिफारस नाही, इंजिनिअरिंगला ओळखीच्याकडं एक फोन नाही. आपलं आपण. मीही पुढं मागणंच सोडलं, आणि मग ते सोडलंय हे लोकांना सांगायला लागलो.

आणि आता हा लालस्वेटर. सगळं जुळत होतं. सुदर्शन आमच्याच क्लासमधी बायो शिकवतो. पोरं त्याला एसके सर म्हणतात. चौकातल्या होर्डिंगवर त्याचा फोटो दारापेक्षा मोठा आहे, मी खाली फोन नंबरजवळ आहे, आणि पाऊस पडला की माझ्या तोंडावरून आधी रंग जातो. गेल्या वर्षीची पहिली आलेली पोरगी फिजिक्समधी पूर्णच्या पूर्ण मार्क घेऊन आली, तिला शिकवलं मी, आणि होर्डिंगवरच्या फोटोत ती पेढा भरवतेय सुदर्शनच्या तोंडात. तिचा तसाच फोटो गावातल्या आणखी तीन क्लासच्या होर्डिंगवर होता, तिथं ती आणखी तीन माणसांना पेढे भरवत होती. एवढे पेढे भरवायला पोरगी लातूरभर हिंडली असणार. ते सोडा. सुदर्शन सगळं देऊन-घेऊन करतो. हैदराबादच्या क्लासला आपले प्रश्न देतो, त्यांचे घेतो, त्याचे चार्ट कुणाचे, विनोद कुणाचे, सगळं बाजारातलं, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकतात. मुख्य म्हणजे नांदेडची नवी शाखा त्याच्याकडं. आठवड्यातले दोन दिवस तो तिकडं असतो. आहे एकजण, नांदेडकडचा. मी घड्याळाकडं बघायला लागलो. लालस्वेटरच्या ओळी ज्या दिवशी येत, त्या दिवशी सुदर्शन नांदेडला असे. ज्या दिवशी सुदर्शन लातुरात असे त्या दिवशीपण येत, पण ते मी सोडून दिलं. गणितात एखादं टोक निघून जातंच.

मी पाळत ठेवायला लागलो, म्हणजे पाणी प्यायला लागलो. दुपारभर उठून स्वयंपाकघरात जायचं, येताना-जाताना तिची स्क्रीन बघायची. इतकं पाणी पिऊन संध्याकाळच्या बॅचला मला दर विसाव्या मिनिटाला बाहेर जावं लागायचं. पोरांनी त्यावरून माझं जे नाव ठेवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. लालस्वेटर तिला विचारायचा, जेवण झालं का. सर्दी कशी आहे. ती त्याला सांगायची, आज डाळ करपली. डाळ करपली हे मला माहीत होतं, मी ती खाल्ली होती, काही न बोलता, आणि ते न बोलणं मी स्वतःच्या खात्यावर जमा धरून होतो. आता ती करपलेली डाळ कुणाच्या तरी हृदयापर्यंत नांदेडला पोचली होती. त्यानं तिला एक अंगठी दिली. एक शिरस्त्राण दिलं. माझ्या गड्याच्या चपलांकडं बघून मला वाटायचं, आम्हाला कुणी काही देत नाही. मग वाटायचं, कसं देईल, तूच दार लावून बसलास. मग वाटायचं, लावलं म्हणून काय झालं, कुणी वाजवायचं तरी.

शेवटी मी सुदर्शनला क्लासखालच्या चहाच्या टपरीवर गाठलं. म्हणालो, ते भूकंपाच्या वेळचं आठवतं का, तुझा एक लाल स्वेटर होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. दोषी माणसाची पापणी हलते, हे मी टेस्ट घेताना कॉपी करणाऱ्या पोरांवर शिकलोय. त्याची पापणी हलली नाही. त्यानं बशी तोंडाशी धरून आठवून बघितलं.

"हरणाचा ना? लई टोचायचा रे तो," तो म्हणाला. "दोन दिवस घातला. मग मामाच्या शेजारी एक पोरगं होतं, त्याला देऊन बॅटरी घेतली. ती बॅटरी लई दिवस चालली. तुला काय एकदम आठवलं?"

मी म्हणालो, असंच. टपरीची पत्र्याची शेड वर होती, त्यातनं उन्हाचे ठिपके पडले होते, आणि मला वाटलं तीस वर्षं मी ज्याच्यावर जळलो तो माणूस दोन दिवसांतच मोकळा होऊन निघून गेला होता. तिथं नुसता स्वेटर उभा होता, आत कुणी नाही. गेमचं विचारलं तर तो हसला. म्हणाला, मला फुरसत कुठं आहे, आणि पोरखेळ करायचं वय राहिलं का आपलं. खरं बोलत होता. सुदर्शनला खोटं बोलताना घाम येतो, तो हिवाळ्यातसुद्धा होर्डिंगच्या फोटोसाठी घामाघूम झाला होता. माझी सोय गेली. सुदर्शनचा हेवा करायला निदान सवय होती. आता हेवा होता आणि त्याला चेहरा नव्हता. तो प्रत्येकाच्या अंगावर जाऊन बसायचा, दूधवाल्याच्या, बँकेतल्या तरुण मॅनेजरच्या, चौकात गाडी वळवून देणाऱ्या पोलिसाच्या. नांदेडचं माणूस भेटलं की मी त्याचे हात बघायचो.

अपूर्वाला सरळ विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे मागणंच की. ते आमच्या घरात नाही. अण्णा गुडघ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडं येऊन राहिले होते तेव्हासुद्धा त्यांना पाणी पाहिजे असलं तर ते रिकाम्या तांब्याकडं बघत बसायचे. मला ते दिसायचं नाही, अपूर्वाला दिसायचं. दुपारभर ते तिच्या खुर्चीशेजारी पाय लांब करून बसत, तिचा गेम बघत, चष्मा वर-खाली करत. माझ्याकडं त्यांची पाठ असायची. मला वाईट वाटायचं नाही, म्हणजे मी ते वाटून घेतलं नव्हतं. बरे झाल्यावर ते नांदेडला माझ्या बहिणीकडं, इराकडं, परत गेले, आणि इरा म्हणाली, अण्णा आता दुपारी झोपत नाहीत, खोलीत बसून काय करतात कळत नाही, पण खुश असतात. मी म्हणालो, वाचत असतील.

मग एक दिवस अपूर्वा परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेली, घर रिकामं, आणि मी माझ्या गड्याला बाजाराच्या दारापुढं नेऊन उभं केलं. पडद्यावर विचारलं जातं, नक्की? परत येता येणार नाही. माझा हात माऊसवर होता आणि मला तो मधेच थांबलेला, अर्धा वर गेलेला हात आठवला. मागून कुणी खाली घेईल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. कुणी घेतला नाही. मी बटण दाबलं. काही झालं नाही, नुसतं त्याच्या नावामागचं एक छोटं चिन्ह गेलं, जसं कुंकू पुसावं. इतक्या वर्षांचा स्वकष्ट एका टिचकीत साधा माणूस झाला.

मी लालस्वेटरला शोधून काढलं. तो बाजारातच उभा होता. विचारलं, वाऱ्याचे बूट आहेत का. उत्तर यायला वेळ लागला. हा माणूस एकेक अक्षर बोटानं शोधून लिहितो हे दिसत होतं. आलं ते असं, 'नमस्कार. जेवण झालं का.' मी लिहिलं, झालं. तो म्हणाला, बूट आहेत, पण ते द्यायचे नाहीत, दुसरं काय पाहिजे ते बघा. बोलणं तुटू नये म्हणून मी एक साधी अंगठी मागितली. त्यानं बदल्यात काय देता विचारलं. मला भाव करता येत नाही, आमच्यात मास्तरलोक भाजीवाल्याला पण 'बघा, काय ते द्या' म्हणतात. मी दोन चांगल्या ढाली त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं त्यांतली एक परत सरकवली, जास्तीची. अंगठी दिली. आणि लिहिलं, 'दुरुस्त.'

मी खुर्ची मागं सरकवली, उगीच. खोलीत उन्हाची एक पट्टी पडद्याखालून आलेली होती, तिच्यात धूळ होती. पाटीवरचं ते बोट, त्याच्या नखातला खडू, ताडपत्रीवर वाजणारा पाऊस, सगळं त्या एका शब्दातनं बाहेर आलं, जसं मेलेल्या राक्षसातनं सामान पडतं. अण्णा. अण्णा बाजारात बसले होते. ज्या माणसानं मला आयुष्यभर आपलं आपण शिकवलं तो माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारात दुकान मांडून, गिऱ्हाईकांना जेवण झालं का विचारत, सुनेला कमरपट्टे वाटत बसला होता. आता मला नवा चेहरा मिळाला होता आणि मी त्याच्यावर जळू लागलो, मग लक्षात आलं की जळायचं अण्णांवर नाही, अपूर्वावर. तिला 'गं' मिळत होतं. तिला ठेवून दिलेलं मिळत होतं. मला फक्त दुरुस्त. आतासुद्धा मिळालं ते तेच, आणि तेसुद्धा अनोळखी माणूस म्हणून.

मी विचारलं, बूट कुणासाठी ठेवलेत?

'मुलासाठी. तो पलीकडं खेळतो. कुणाचं घेत नाही. कधीतरी येईल इकडं. तेव्हा द्यायला.'

क्षणभर त्या मुलाचा मला इतका हेवा वाटला, की तो मीच आहे हे कळायला वेळ लागला. त्याच्यासाठी कुणीतरी बूट राखून बसलं होतं, आणि तो गाढव चपलांवर कुत्र्यांना चुकवत पळत होता. मी विचारलं, तुमचं हे नाव असं का? बोटं अक्षरं शोधत राहिली. मला नांदेडच्या खोलीतल्या त्यांच्या वाकलेल्या मानेचा मणका दिसत होता.

'भूकंपाच्या वेळी त्याला एक लाल स्वेटर पाहिजे होता. मी घेऊ दिला नाही. बरोबरच केलं. पण त्याला पाहिजे होता.'

त्यांनी बरोबर हा शब्द लिहिला होता. दुरुस्त नाही. मग मी लिहिलं, 'अण्णा, मी अवधूत.' पलीकडं काही हललं नाही. मला वाटलं पटकन पुरावा द्यावा, काहीतरी असं लिहावं की जे फक्त मीच लिहीन, आणि त्या घाईत माझ्या बोटांनी जे लिहिलं ते आयुष्यात मी त्यांना कधी लिहिलं नव्हतं. 'खरंच मी आहे. ते बूट द्या ना.'

आता उत्तर लगेच आलं. 'माझा मुलगा मागत नाही.' आणि त्याखाली गेमची राखाडी ओळ, की या खेळाडूनं तुम्हाला ब्लॉक केलेलं आहे.

फोन उचलून मी नंबर शोधत होतो तेवढ्यात तोच वाजला. अण्णा दुपारी कधी फोन करत नाहीत. आवाज तरतरीत होता, शाळेत साहेब तपासणीला येऊन गेल्यावर असायचा तसा. म्हणाले, सावध राहा, कॉम्प्युटरवर भामटे फिरून राहिलेत. आज एकजण आला होता, तुझं नाव घेऊन. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, कुठं का असंना. त्यांना ते दुकान मला सांगायचं नव्हतं, आणि मला ते माहीत असल्याचं सांगता येत नव्हतं.

"माझं नाव सांगून काय म्हणाला?"

"मागू लागला," अण्णा म्हणाले. "पहिल्या वाक्यालाच पकडला. म्हणलं, असली-नकली आम्हाला कळत न्हाई का. आमचा अवधूत मरून जाईल पण मागणार न्हाई."

एवढं ते माझ्याबद्दल माझ्यासमोर कधीच बोलले नव्हते. माझ्या कानापाशी ते गरम होऊन बसलं. आता मी जर म्हणालो, की तो मीच होतो, तर बूट मिळत होते आणि हे जात होतं. मी खिडकीतल्या कुंडीतलं एक पान तोडलं आणि त्याचे बारीक तुकडे केले.

"गप का झाला रे?"

"काही न्हाई. दुरुस्त केलं तुम्ही, अण्णा."

ते हसले, आणि जेवण झालं का विचारलं. मी म्हणालो, हाव.

अण्णांनी गेमवाल्यांकडं माझी रीतसर तक्रारही केली होती. मुलाच्या नावानं फसवणूक, म्हणून. माझं खातं आठवडाभर बंद राहिलं, आणि दुपारच्या वेळी मी अपूर्वाच्या मागं खुर्ची टाकून बसायला लागलो, अण्णा बसायचे तिथंच, पाय लांब करून. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि लालस्वेटर कोण हे तिला ठाऊक आहे का, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लालस्वेटरचा निरोप आला, 'हे बूट तुझ्याकडं सांभाळून ठेव गं. माझ्याकडं चोर येऊन राहिले.' कुणासाठी ते त्यांनी लिहिलं नाही. आमच्यात असलं लिहीत नाहीत. तिनं ते बूट पेटीत ठेवले. मी तिच्या खांद्यावरून ते बघितले, निळे होते, टाचेला छोटे पंख. मी म्हणालो, छान आहेत. ती म्हणाली, हाव, पण मला काय कामाचे, माझ्या गेममधल्या बाईला ते होत नाहीत.

शनिवारी मी सकाळच्या बॅचला होतो. अपूर्वानं कोरियातल्या एका माणसाकडून एक तोडा घेतला. त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून तिनं वरून ते बूट टाकले.